कारखान्याचा नवा कारभारी

अंबड किंवा सातपूर येथील औद्योगिक वसाहतींतल्या एखाद्या मध्यम कारखान्यांत सायंकाळीं सहाच्या सुमारास जाऊन बसलें, तर एक संवाद बहुधा ऐकावयास मिळतो. कोठाराचा कारकून आपल्या वहीवरून सांगतो, "या मापाच्या पोलादी कांबी २०० शिल्लक आहेत." यंत्रशाळेचा मुकादम म्हणतो, "मला तर १६० च दिसतात." हिशेबनिसाच्या संगणकावर २४० चा आंकडा उभा असतो. थोड्या शोधानें उलगडा होतो. ४० कांबी कापून आणण्यासाठीं बाहेरच्या कारखान्यांत गेल्या आहेत, त्या मुकादमाला दिसत नाहींत. आणखी ४० कांबींचें बिल आलें आहे, परंतु माल यावयाचा आहे, म्हणून हिशेबनिसाचा आंकडा फुगला आहे. इकडे मालक त्याच फुगलेल्या आंकड्यावर विसंबून ग्राहकास उद्यांचें वचन देऊन बसलेले असतात. तिघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नाहीं. प्रत्येकाची वही आपल्यापुरती खरी आहे. खोटें ठरतें तें मालकांचें वचन.

या निरनिराळ्या वह्यांची मिळून एकच वही करावी, जो माल हलला त्याची नोंद एकदांच व्हावी आणि खरेदी, कोठार, उत्पादन, विक्री व हिशेब या सर्वांना तीच नोंद दिसावी, अशा हेतूनें केलेल्या संगणक-प्रणालीस एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, संक्षेपानें ई. आर. पी., असें म्हणतात. या प्रणाली विकणारे पुरवठादार आज पुष्कळ आहेत. प्रत्येकाचें माहितीपत्रक देखणें असतें आणि प्रत्येकाचें म्हणणें असतें कीं, आपल्या कारखान्याला आमचीच प्रणाली योग्य. त्यांतून निवड कशी करावी, हा आजचा विषय आहे. आपल्या शहरांत अशीं अनेक घरें आहेत, ज्यांची चूल एखाद्या कारखान्यावर चालते. कोणाचा स्वतःचा कारखाना असतो, कोणाची मुलगी तेथें हिशेब पाहते, कोणाचे वडील पंचवीस वर्षें कोठार सांभाळीत असतात. ही निवड चुकली तर तिचा भार या सर्वांवर पडतो. म्हणून हा विषय केवळ संगणक-तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाहीं.

मूळ कल्पना आपल्याला परकी नाहीं. आपल्याकडील पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. दिवसभरांत जें घडेल तें क्रमानें कीर्दींत लिहावयाचें आणि कीर्दीवरून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावयाचें, असा दंडक होता. कीर्दींत नसलेली रक्कम खतावणींत येणें हा मुनिमाचा गुन्हा समजला जाई. जुन्या नाशकांतील तांबटांना तर याहूनहि कमी पुरत असे. पत्रा किती आणला आणि त्यांतून हंडे-घागरी किती घडल्या, हें एका घराच्या डोळ्यांसमोर राही. पुढें १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, सातपूर व अंबडच्या वसाहती उभ्या राहिल्या, ओझरला १९६४ सालीं विमानांचा कारखाना निघाला, मोटारी व त्यांचे भाग करणारे मोठे कारखाने आले आणि त्यांच्याभोंवतीं शेंकडों लहान कारखान्यांचें जाळें पसरलें. एकच सुटा भाग एका ठिकाणीं कापला जातो, दुसऱ्या ठिकाणीं त्याला उष्णतेची प्रक्रिया होते, तिसऱ्या ठिकाणीं मुलामा चढतो आणि चौथ्या ठिकाणीं तो तपासला जातो. तेथें डोळ्यांचा हिशेब अपुरा पडूं लागला.

हीच अडचण परदेशांतहि होती. अमेरिकेंतील जोसेफ ऑर्लिकी यांनीं १९६४ च्या सुमारास तिचा पद्धतशीर विचार केला. तयार वस्तु किती हव्या हें एकदां ठरलें कीं तिच्या प्रत्येक भागाची गरज अंदाजानें धरण्याचें कारण नाहीं, ती गणितानें काढतां येते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. शंभर पंप हवे असतील आणि एका पंपाला चार बोल्ट लागत असतील, तर चारशें बोल्ट हवे. पैकीं शिल्लक किती, मार्गांत किती आणि ते मागविल्यावर येण्यास दिवस किती लागतात, एवढें कळलें म्हणजे मागणी कोणत्या दिवशीं काढावी हें आपोआप निघतें. १९७२ सालीं जर्मनींत आय. बी. एम. मधून बाहेर पडलेल्या पांच जणांनीं 'सॅप' ही कंपनी काढली आणि हिशेब व माल यांच्या नोंदी एकत्र आणणाऱ्या प्रणालींचा धंदा जोरांत सुरू झाला. ई. आर. पी. हें नांव मात्र १९९० च्या सुमारास गार्टनर या संशोधन-संस्थेनें रूढ केलें.

पूर्वीं ही मोठ्या कारखान्यांची चैन समजली जाई. आतां कायद्यानेंच लहान कारखानदारास संगणकापाशीं आणून बसविलें आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. त्यामागून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी यंत्रणेकडून क्रमांक मिळाल्याखेरीज ग्राह्य न होणारें बिल, आलें. १ ऑक्टोबर २०२० रोजीं तें ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लागू झालें, आणि पायरी-पायरीनें उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीस लागू झालें. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक फेरफाराचा माग राहिला पाहिजे आणि तो कोणालाहि बंद करतां येतां कामा नये, असाहि नियम आहे. त्यामुळें पुरवठादार दारांत आला म्हणजे मालकाचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्यांत ई-इन्व्हॉइस होतें का?" प्रश्न रास्त आहे; परंतु त्यावरून निवड होत नाहीं, कारण याचें उत्तर आज बहुतेक सर्वच पुरवठादार होकारार्थी देतात.

बाजारांतील मंडळींची ओळख थोडक्यांत करून देतों. पहिला वर्ग सॅप, ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट अशा जागतिक कंपन्यांचा. त्यांच्या प्रणालींचा आवांका मोठा आहे. मात्र त्या बसविण्याचें काम पुष्कळदां त्यांचे अधिकृत भागीदार करतात. दुसरा वर्ग देशी कंपन्यांचा. बंगळूरच्या टॅलीची सुरुवात १९८६ सालीं झाली आणि तिचा पाया हिशेबाचा आहे. चेन्नईच्या रॅम्कोनें गेल्या शतकाच्या अखेरीपासून ई. आर. पी. चें क्षेत्र धरलें आहे. याशिवाय पुणें व नाशिक येथें आपापल्या प्रणाली लिहिणाऱ्या लहान संस्थाहि आहेत. तिसरा वर्ग खुल्या प्रणालींचा, ज्यांची मूळ आज्ञावली कोणासहि पाहतां व बदलतां येते. मुंबईच्या फ्रापे या कंपनीचें ईआरपीनेक्स्ट हें या वर्गांतलें; बेल्जियमच्या ओडूचीहि एक आवृत्ति खुली आणि दुसरी सशुल्क आहे. यांपैकीं अमुक एक सर्वांत उत्तम असें मी सांगणार नाहीं, कारण तसें उत्तर संभवतच नाहीं. घरांत कारभारी नेमतांना "सर्वांत हुशार मनुष्य कोण?" असें आपण विचारीत नाहीं, "आमच्या घरचें काम कोणास जमेल?" असें विचारतों.

तेव्हां पहिली पायरी म्हणजे आपल्या घरचें काम काय तें स्वतः जाणून घेणें. ही पायरी वाटते सोपी, पण पुष्कळ ठिकाणीं तीच गाळली जाते. लिडल ही दुकानांची मोठी जर्मन साखळी. तिनें २०११ सालीं सॅपवर आधारलेली नवी योजना हातीं घेतली आणि २०१८ सालीं ती अर्ध्यावर सोडून दिली. तोंपर्यंत सुमारें ५० कोटी युरो खर्च झाल्याचें प्रसिद्ध झालें. त्याच्या कारणांत एक कारण मोठें बोधप्रद सांगितलें गेलें. लिडल आपल्या शिलकी मालाची किंमत खरेदीच्या भावानें धरीत असे, आणि प्रणालीची मूळ मांडणी विक्रीच्या भावाची होती. कंपनीनें आपली रीत कायम ठेवून प्रणालीलाच वळवावयाचें ठरविलें, आणि त्या वळणांतच योजना गुंतून पडली. प्रणाली वाईट नव्हती आणि लिडलचा धंदाहि बुडणारा नव्हता. दोघांचा मेळ आरंभींच पारखला गेला नाहीं, एवढेंच.

यासाठीं कागद घेऊन आपल्या रीतींचे दोन भाग करावेत. कांहीं रीती अशा असतात कीं त्यांवर आपली भाकरी अवलंबून असते. त्या प्रणालीला पेलल्याच पाहिजेत. कांहीं रीती केवळ संवयीच्या असतात. कोणी तरी वीस वर्षांपूर्वीं एक तक्ता आंखला आणि तो अद्याप भरला जात आहे, एवढाच त्यांना आधार असतो. त्या सोडून द्याव्या आणि प्रणालीची रीत घ्यावी. दुसऱ्या प्रकारच्या रीतींसाठीं प्रणालींत फेरफार करून घेणें म्हणजे जुनें जोडें पायांत बसावें म्हणून पाय कापण्यासारखें आहे.

भाकरीच्या रीती कोणत्या, हें धंद्यावर अवलंबून आहे. अंबडच्या सुटे भाग करणाऱ्या कारखान्यास जॉबवर्कचें उदाहरण घ्या. कच्चा माल चलनावर बाहेर जातो, पण तो विकलेला नसतो; त्याची मालकी आपलीच राहते. कायद्याप्रमाणें असा माल एका वर्षाच्या आंत परत आला पाहिजे किंवा तेथूनच रीतसर पुढें गेला पाहिजे. नाहीं तर तो पाठविला त्याच दिवशीं विकला असें समजून कर द्यावा लागतो. आतां ५०० नग मुलाम्यास गेले, ४७० चांगले आले, १८ पुन्हां मुलाम्यास धाडले, १२ भंगारांत गेले, हा हिशेब प्रणालीनें एका चलनावर बसवून दाखविला पाहिजे. त्याचप्रमाणें पोलादाचा भाव बदलला म्हणजे मोठे ग्राहक मागील महिन्यांपासूनचे दर पुन्हां ठरवितात आणि पूर्वीं गेलेल्या शेंकडों बिलांवर फरकाचीं बिलें करावीं लागतात. या दोन गोष्टी ज्या प्रणालीला येत नाहींत, ती इतर बाबतींत कितीहि गुणवान असो, अंबडला उपयोगाची नाहीं.

येथून वीस-पंचवीस मैलांवर दिंडोरी किंवा निफाड तालुक्यांतील द्राक्षांच्या निर्यातगृहांत गेलों कीं सगळें चित्र पालटतें. तेथें मुलामा नाहीं आणि चलनहि तसलें नाहीं. तेथें विचारतात, ही पेटी कोणत्या बागेंतून आली? २००६ सालीं अपेडा या सरकारी संस्थेनें ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली, आणि युरोपांत जाणाऱ्या द्राक्षाचा माग नोंदविलेल्या बागेपर्यंत ठेवण्याची सोय झाली. २०१० सालीं वाढ रोखणाऱ्या एका रसायनाचे अंश युरोपांत सांपडले आणि भारतीय द्राक्षांच्या निर्यातीला मोठा फटका बसला. तेव्हांपासून बाग, तोडणीचा दिवस, अवशेष-तपासणीचा दाखला, शीतगृहांतील जागा आणि पेटी यांची सांखळी न तुटणें हाच निर्यातगृहाचा प्राण झाला आहे. तेथें फळ दोन दिवस थांबलें तर आंकडा बरोबर असूनहि मालाची किंमत जाते. म्हणून अंबडच्या मित्रानें घेतलेली प्रणाली "त्यांचें छान चाललें आहे" एवढ्यावरून दिंडोरीच्या माणसानें घेऊं नये, आणि दिंडोरीची अंबडकरानें घेऊं नये.

आपली गरज लिहून झाली म्हणजे पुरवठादारांना बोलवावें. तीन पुरेत, आठ बोलावले तर शेवटीं कोणी काय दाखविलें हेंच आठवत नाहीं. पुरवठादाराचें प्रात्यक्षिक हें वधूपरीक्षेंतल्या पोह्यांसारखें असतें. तें उत्तम व्हावें अशी तयारी आधींच झालेली असते. त्याच्या आंकड्यांवर त्याची प्रणाली सुरेख चालणारच. म्हणून आपण आपलेच कागद पुढें ठेवावे. मागील महिन्यांतला सर्वांत अडचणीचा आठवडा निवडावा. त्यांतलीं मागणीपत्रें, चलनें, परत आलेला माल, रद्द झालेलें बिल, फरकाचें बिल, असे दहा-बारा व्यवहार काढावे. ग्राहकाचें नांव झांकावें आणि तेच कागद तिघांनाहि चार दिवस आधीं द्यावे. मग प्रत्येकानें आपल्या कोठार-कारकुनाच्या व हिशेबनिसाच्या समोर बसून ते व्यवहार करून दाखवावे. "हें पुढील आवृत्तींत येणार आहे" असें उत्तर आलें, तर कागदावर "आज येत नाहीं" असें लिहावें. कारकुनाच्या हातांत कळफलक द्यावा आणि त्याला किती वेळां विचारावें लागतें तें मोजावें.

यानंतर गुण द्यावयाचे. गुण देण्याची एक प्रचलित रीत आहे आणि तींत एक खड्डाहि आहे. समजा, शंभर गुणांपैकीं कामाशीं मेळ यास ४०, बसविणाऱ्या माणसांस २५, खर्चास २० आणि सोडून जाण्याच्या सोयीस १५ असे गुण राखले. पहिल्या पुरवठादारास या चार बाबतींत दहापैकीं अनुक्रमें ५, ९, ९, ९ मिळाले, तर त्याचे एकंदर ७४ होतात. दुसऱ्यास ८, ७, ५, ७ मिळाले, तर ७० होतात. बेरजेप्रमाणें पहिला जिंकला. परंतु त्याला मेळांत पांचच गुण मिळाले, याचें कारण त्याच्या प्रणालींत जॉबवर्कचें चलन बसतच नाहीं, असें असलें तर? गोड बोलणें आणि स्वस्त दर यांच्या गुणांनीं तो मूळ दोष झांकला गेला. बेरजेला ती अडचण कळत नाहीं. पहिल्या चलनाच्या दिवशीं आपल्याला कळते. म्हणून आधीं दार असावें आणि मग तराजू. भाकरीच्या ज्या दोन-तीन रीती आहेत, त्या ज्याला येत नाहींत त्याला दारांतूनच नमस्कार करावा; आंत आलेल्यांचेंच वजन करावें. आणि कोणत्या बाबीस किती गुण, हें पुरवठादारांना पाहण्यापूर्वीं ठरवावें. नंतर ठरविलें तर मन आधींच एकाकडे झुकलेलें असतें आणि गुण त्याच्या सोयीनें वांटले जातात.

खर्चाचा विचार पांच वर्षांचा करावा. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल मीं योजलेले आहेत. एक पुरवठादार म्हणतो, परवाना ६ लाख, बसविण्याचे ५ लाख, आणि दुसऱ्या वर्षापासून परवान्याच्या वीस टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, वार्षिक देखभाल. पांच वर्षांत हे १५ लाख ८० हजार होतात. दुसरा म्हणतो, परवाना नाहींच. दरमहा दर माणशीं १,००० रुपये द्या. पंचवीस माणसें धरलीं तर वर्षाला ३ लाख, पांच वर्षांत १५ लाख, आणि बसविण्याचे ५ मिळून २० लाख. तिसऱ्याची प्रणाली खुली, म्हणून परवाना फुकट. परंतु बसविण्याचे ७ लाख, संगणक-जागेचें भाडें वर्षाला ६० हजार आणि मदतीची व्यवस्था वर्षाला दीड लाख धरले, तर पांच वर्षांत १७ लाख ५० हजार. पहिल्या दिवशीं ज्यांत जमीन-अस्मानाचें अंतर दिसत होतें, ते तिघे पांच वर्षांनीं असे जवळ येतात. आणि कोणाच्याहि दरपत्रकांत नसलेला एक खर्च निराळाच आहे: आपल्या माणसांचा वेळ. चार जाणतीं माणसें सहा महिने अर्धा दिवस यांत घालणार. दरमहा ३० हजार पगाराचीं धरलीं तरी हे ३ लाख ६० हजार झाले. जेथें मेळ कमी, तेथें हाच खर्च दुपटीवर जातो. दरपत्रकांतील लाखभर रुपयांसाठीं घासाघीस करणारे आपण या खर्चाकडे पाहतच नाहीं.

आतां माणसांविषयीं. आपण प्रणालीचें नांव पाहून निवड करतों, परंतु वर्षभर आपला संबंध येतो तो ती बसविणाऱ्या दोन-तीन माणसांशीं. म्हणून स्पष्ट विचारावें, आमच्या कारखान्यांत प्रत्यक्ष येऊन कोण बसणार? त्यांनीं आमच्यासारखे किती कारखाने पाहिले आहेत? ते मध्येंच सोडून गेले तर? ज्यांच्याकडे ती प्रणाली चालते अशा एखाद्या कारखान्यास स्वतः जाऊन यावें, आणि तो कारखाना पुरवठादारानें सुचविलेला नसून आपण शोधलेला असावा. नाशकांत निमा, आयमा अशा कारखानदारांच्या संघटना आहेत. तेथें ओळखीनें हें सहज जमतें. गेल्यावर मालकाच्या खोलींत चहा घेऊन परत येऊं नये, कोठारांत जाऊन तेथील माणसाला विचारावें, "अजून वही ठेवतां का?" तो हळूच खणांतून जुनी वही काढून दाखवूं लागला, तर त्या प्रणालीविषयीं जें कळावयाचें तें कळलें.

आपल्या कोठारांतल्या माणसाचाहि विचार याच वेळीं व्हावयास हवा. जो पंचवीस वर्षें कोणत्या फळीवर कोणता माल आहे हें डोक्यांत बाळगून आहे, त्याला नव्या यंत्रांत आपला शेवट दिसतो. त्याचें भय खोटें नसतें. त्याची किंमत त्या माहितीमुळेंच होती. त्याला डावलून प्रणाली आणली, तर तो उघड विरोध करीत नाहीं. तो फक्त नोंदी दोन दिवस उशिरां करतो, आणि तेवढ्यानें लाखों रुपयांची प्रणाली खोटें बोलूं लागते. उलट निवडीच्या वेळींच त्याला शेजारीं बसविलें, त्याच्या हातानें व्यवहार करून पाहिले आणि "या तिघांत तुम्हांला कोणता पटतो?" असें मनापासून विचारलें, तर तोच पुढें दुसऱ्यांना शिकवितो. प्रणालीमुळें कोणाची नोकरी जाणार नाहीं असें मालकांनीं ठरविलें असेल, तर तें पहिल्याच दिवशीं बोलून दाखवावें. आणि तसें ठरविलें नसेल, तर खोटा धीर तरी देऊं नये.

बदलाचा मुहूर्त हाहि निवडीचाच भाग आहे, कारण पुरवठादार आपल्या सोयीची तारीख सुचवितो. अमेरिकेंतील हर्शी या चॉकलेटच्या कंपनीनें १९९९ सालीं नवी प्रणाली ऐन मोसमाच्या तोंडावर एकदम सुरू केली. माल गोदामांत होता, ग्राहक दारांत होते, आणि तरी हॅलोवीनच्या सणाच्या सुमारास सुमारें १० कोटी डॉलरच्या मागण्या पुरवितां आल्या नाहींत. आपल्याकडे द्राक्षाच्या माणसानें जानेवारी ते एप्रिल या काळांत हें धाडस करूं नये. पावसाळा त्याला सोयीचा. कारखानदारानें मार्चअखेर आणि दिवाळीपूर्वींचे दिवस टाळावे, एखाद्या तिमाहीचा पहिला दिवस धरावा, आणि एक महिना जुन्या व नव्या वह्या जोडीनें चालवाव्या. दोन्ही वह्यांची शिल्लक ज्या दिवशीं जुळेल, त्या दिवशीं जुनी बंद करावी.

आणि शेवटीं, येण्याच्या वेळींच जाण्याची वाट पाहून ठेवावी. कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात, धोरणें बदलतात. सॅपसारख्या बलाढ्य कंपनीनेंहि आपल्या आधींच्या पिढीच्या प्रणालीची नेहमींची देखभाल २०२७ च्या अखेरीस थांबविण्याचें जाहीर केलें आहे. मग लहान संस्थेचा भरंवसा किती धरावा? करारांत तीन गोष्टी असाव्या. माहिती आमची, हें स्पष्ट शब्दांत असावें. ती सर्व माहिती, ग्राहकांचीं खातीं, मालाच्या याद्या, जुनीं बिलें यांसह, सहज वाचतां येईल अशा स्वरूपांत मागतांक्षणीं मिळावी आणि त्यासाठीं निराळें शुल्क नसावें. करार संपल्यावर निदान कांहीं महिने जुनें दप्तर पाहण्याची मुभा असावी. हें कागदावर घेऊन स्वस्थ बसूं नये, प्रात्यक्षिकाच्याच दिवशीं म्हणावें, "आतां जे बारा व्यवहार केले, ते बाहेर काढून आमच्या संगणकावर द्या." जो पुरवठादार हें दहा मिनिटांत करून देतो, त्याच्याकडे राहण्यास हरकत नाहीं, जो आढेवेढे घेतो, त्यानें कराराआधींच उत्तर दिलें आहे.

कोणी विचारतील, इतका खटाटोप प्रत्येकानें करावा काय? मला तसें वाटत नाहीं. ज्या कारखान्यांत दहा-बारा माणसें आहेत, दोनच ग्राहक आहेत आणि मालक दिवसभर यंत्रांजवळ असतात, तेथें हिशेबाचें साधें सॉफ्टवेअर आणि कोठाराची नेटकी वही पुरते. वही नीट नसेल, तर ई. आर. पी. तिला नीट करीत नाहीं. गोंधळ होता तसाच राहतो, फक्त अधिक वेगानें पसरतो. पुरवठादारास "आम्हांला अद्याप याची गरज नाहीं" असें सांगतां येणें, हीहि एक निवडच आहे.

ज्यांना गरज आहे, त्यांनीं आरंभीं सांगितलेल्या त्या सायंकाळच्या संवादापासून सुरुवात करावी. कोठाराचे २००, मुकादमाचे १६० आणि हिशेबनिसाचे २४० हे आंकडे एका कागदावर लिहावे, आणि येणाऱ्या प्रत्येक पुरवठादारापुढें तोच कागद ठेवावा. बाहेर गेलेल्या ४० कांबी आणि वाटेंत असलेल्या ४० कांबी ज्याच्या प्रणालींत निरनिराळ्या, आपापल्या ठिकाणीं, कारकुनाच्या हातानें आणि कोणाच्या मदतीशिवाय दिसूं लागतील, तो कारभारी घरांत घेण्याजोगा समजावा. त्या दिवसापासून मालकांनीं दिलेलें उद्यांचें वचन उद्यां पाळलें जाईल.